आबांचा परिच्छेद

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी तपासणीला आहे. गाड्यांचे लोखंडी भाग ट्रेमधून येतात, मी त्यांना गेज, म्हणजे मापाचा साचा, लावते. बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल पेटीत. एक नग जरी चुकीचा निघाला तरी अख्खा लॉट अडवायचा आणि पुन्हा सगळे नग तपासायचे, असा आमच्याकडे नियम आहे. सुपरवायझर कितीही बोंबलला तरी मी अडवते. माझ्या तापट डोक्याचा आजवर कुणाला फायदा झाला असेल तर तो कंपनीलाच, असं नवरा म्हणतो.

कामावरून सुटल्यावर मी जे करते त्याचा आणि गेजचा वरवर काही संबंध नाही. मी एका ऑनलाइन ज्ञानकोशात मराठीतून लेख लिहिते. फुकट लिहिते. लेखावर आपलं नाव येत नाही, आणि कुणीही येऊन आपलं वाक्य खोडू शकतं. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुला मिळतं काय गं त्यातून?" मी म्हटलं, "भांडायला मिळतं." त्यांना ते लगेच पटलं.

सुरुवातीला मी आपल्याच शहराच्या पानावर लिहायला गेले होते. पण तिथं नावावरूनच अशी जुंपलेली, की मी पाणीपुरवठ्यावर टाकलेली दोन वाक्यं कुणी आणि कधी उडवली तेही मला कळलं नाही. म्हटलं, लांब कुठंतरी जावं, जिथं भांडायला कुणी येणार नाही. मग एकदा कंपनीच्या बसची वाट बघताना मोबाइलवर सहज 'मेंढपाळ' शोधलं. मराठीत दोन ओळी सापडल्या. तिथून या दुव्यावरून त्या दुव्यावर जात जात अमेरिकेतल्या एका जुन्या फोटोपाशी पोचले. गोरे लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेले, वाटेत गुरं, मेंढ्या, रेल्वे आणि बंदुका नेत गेले, त्या काळातला फोटो. एक माणूस, एक कुत्रं, मेंढ्या आणि मागे उघडा माळ. माणसाच्या डोक्यावरची टोपी सोडली तर तो आमच्या कन्नड तालुक्यात वरच्या अंगाला उभा आहे असंच वाटावं. काठीवर भार टाकलेला, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेला. माझे वडील अगदी असेच उभे राहायचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

मला त्या फोटोतल्या माणसाचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. माझ्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात राजे होते, तह होते, लढाया होत्या. मेंढरं कुठंच नव्हती. आणि इथं या टोपीवाल्याच्या चाकांवरच्या घरावर, त्यातल्या लोखंडी चुलीवर, त्याच्या कुत्र्यावर पानंच्या पानं लिहिलेली. बस आली तेव्हा माझं ठरलं होतं. हे सगळं मराठीत आणायचं.

ज्ञानकोशात त्या विषयाच्या पानांवर गेल्यावर कळलं, की तिथं आधीच दोन माणसं राबत होती. एक लातूरकडचे निवृत्त शिक्षक. ते रेल्वेवर आणि तिथल्या मूळच्या लोकांशी झालेल्या, मग मोडलेल्या करारांवर लिहायचे. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. दुसरी नांदेडची परिचारिका. ती बैलगाड्यांच्या तांड्यांतून गेलेल्या बायकांवर, त्यांच्या बाळंतपणांवर आणि वाटेतल्या पटकीवर लिहायची. आम्ही तिघं कधी समोरासमोर भेटलो नाही. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चा पान असतं, तिथंच आमची ओळख, तिथंच हाणामारी. इंग्रजीतल्या 'फ्रंटियर'ला 'सीमाभाग' म्हणावं की 'सरहद्द' यावर आम्ही बरेच दिवस घालवले. शेवटी परिचारिकेनं लिहिलं, की सीमाभाग म्हटलं की मराठी माणूस थेट बेळगावला जातो, अमेरिकेला जायचंय ना आपल्याला? सरहद्द ठरली.

सर महाकडक. मी एका लेखात 'निर्मनुष्य माळ' असं लिहिलं होतं. सरांनी 'निर्मनुष्य' उडवला आणि चर्चा पानावर लिहिलं, "तिथे माणसे राहत होती. त्यांना हाकलले, म्हणून माळ मोकळा दिसू लागला." मी तो शब्द परत घातला नाही. सरांचा दुसरा राग माझ्या रिकाम्या सारांशांवर. लेखात काहीही बदललं, की काय बदललं आणि का बदललं ते एका ओळीत नोंदवायचं असतं. ती ओळ लेखात दिसत नाही, लेखाच्या इतिहासात जाऊन बसते, आणि तिथून मात्र लिहिणाऱ्यालाही बदलता येत नाही. मी घाईत ती तशीच सोडून द्यायचे. सर लिहायचे, "ताई, सारांश. ताई, पुन्हा सारांश."

मेंढपाळांच्या लेखावर मी जीव ओतला. सुट्टीच्या दिवशी गारखेड्यातल्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून, एकीकडे डाळीला शिट्ट्या होईपर्यंत एक परिच्छेद, असं करत तो लेख वाढला. इंग्रजी मला वाचता येतं पण रखडत, शब्दकोश उघडा ठेवून. एका पुस्तकाचं एक पान नेटवर नमुन्याला म्हणून दिलेलं होतं. त्यात होतं, की मेंढपाळ आपले कळप रात्री वस्तीतल्या शेतकऱ्यांच्या रानात बसवत. बस, तिथंच पान संपलं. पुढचं पान दिसत नव्हतं.

मला त्यात अडण्यासारखं काही वाटलंच नाही. शेतात मेंढ्या बसवणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज होती का? तरी खात्री म्हणून मी आबांना फोन लावला. आबा कन्नडच्या बाहेर माझ्या भावाकडे असतात. कळप कधीच विकून झाला, आता चार मेंढरं आहेत, ती करमणुकीला.

"आबा, रानात मेंढरं बसवायची म्हंजे कसं करायचे तुमी? नीट सांगा, लिव्हायचंय."

"कशात लिव्हायलीस?"

"अमेरिकेच्या मेंढक्यांवर."

मग आबा असे सुटले, की मला लिहून घेताना दम लागला. शेतकरीच बोलवायला यायचा, आर्जवं करायचा. आमच्या रानात बसा म्हणायचा. मग रात्रीला मेंढरांभोवती जाळं लावायचं, त्याला वाघर म्हणतात. रात्रभर लेंडी पडते, मूत पडतं, रान असं पिकतं की बस. बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा, भाकरी-कोरड्यास द्यायचा, चहाला गूळ द्यायचा. दोन रात्रींनी वाघर उचलायची, शेजारच्या रानात लावायची. आणि शेजारचा आधीच भांडायला उभा, की माझा नंबर आधी होता.

मी ते सगळं सुंदर मराठीत मांडलं. तिथले शेतकरी मेंढपाळांना मुक्कामाला बोलावत, बदल्यात धान्य आणि जेवण देत, आणि त्यांच्या रानाला खत मिळे. शेवटी त्या पुस्तकाचा संदर्भ लावून दिला. परिचारिकेनं लिहिलं, "अख्ख्या लेखातला हा परिच्छेद मला सगळ्यात आवडला." मला आनंद झाला आणि मी आबांना कळवलं, की तुमचं सांगणं अमेरिकेच्या पानावर आलंय.

त्यानंतर आबांनी जे केलं ते मला भावाकडून कळलं. बाजारच्या दिवशी ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचे आणि दुकानदाराला ते पान उघडायला लावायचे. दुकानदार मोठ्यानं वाचायचा, आजूबाजूला उभी असलेली माणसं ऐकायची, आणि आबा मध्येच म्हणायचे, "हे म्या सांगितलेलं हाय. अमेरिकेला." जन्मभर ज्या माणसाला लोकांनी 'ए मेंढक्या, तिकडून ने तुझी मेंढरं' एवढंच म्हटलं, त्याला आता लोक चहा पाजत होते.

इकडे तो लेख मुखपृष्ठावर यावा असं परिचारिकेनं सुचवलं. मुखपृष्ठावर जाणारा लेख सर स्वतः तपासतात. त्यांनी ते पुस्तक पूर्ण मिळवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसमध्ये मोबाइल उघडला तर माझ्या लेखाच्या डोक्यावर लाल पट्टी. हे पान काढून टाकावे, असा प्रस्ताव. खाली सरांची सही. चर्चा पानावर त्यांनी लिहिलं होतं, "पुढच्या पानावर त्या शेतकऱ्यांनी बंदुका आणून मेंढ्या हुसकावल्या आहेत. बोलावणे, धान्य, जेवण यातले काहीही पुस्तकात नाही. एक संदर्भ असा निघाला, तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवावा? सगळे तपासून झाले नाहीत तर लेख वगळावा."

तळपायाची आग मस्तकात गेली. बसमध्येच मी एक लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात सरांच्या रेल्वेपासून त्यांच्या वयापर्यंत सगळं काढलं. पाठवण्याआधी परिचारिकेला ईमेलवर दाखवलं, तेवढी अक्कल शिल्लक होती. तिनं एवढंच विचारलं, "तुझ्या कंपनीत एक नग चुकला तर तू काय करतेस?"

काय करते? लॉट अडवते. मी ते उत्तर पुसलं आणि चर्चा पानावर लिहिलं, "सर, सगळे संदर्भ मी तपासते. तोवर लेख काढू नका." सरांनी लिहिलं, "वाट पाहतो."

मग मी हट्टाला पेटले. हा लेख जाऊ द्यायचा नाही, काहीही झालं तरी. सुट्टी आली की नवरा खिचडी टाकायचा आणि मी संदर्भ तपासायला बसायचे. सरांनी पुस्तकांच्या छायाप्रती कुठं कुठं मिळतात ते शोधून दिलं. ज्यांनी पट्टी लावली तेच ती निघावी म्हणून मदत करत होते, हे मला आधी विचित्र वाटलं, नंतर वाटेनासं झालं. परिचारिकेनं निम्मी पानं वाटून घेतली. प्रत्येक वाक्य घ्यायचं, पुस्तकातलं पान काढायचं, गेज लावायचा. आता मागचं-पुढचं पानही वाचायचं. काही ठिकाणी मी जास्त बोलले होते, ते कापलं. दोन ठिकाणी नद्यांची अदलाबदल झाली होती, ती सुधारली.

आणि वाचता वाचता मला ते बंदुकीचं कारण कळलं. गुरंवाल्यांना आणि कुंपण घालून बसलेल्यांना मेंढ्या नको होत्या. मेंढी गवत मुळापासून खाते, म्हणत. तिचा वास लागला की त्या पाण्याला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणत. त्यांनी माळावर रेघा ठरवल्या, याच्या अलीकडे मेंढ्या आणायच्या नाहीत. आणल्या तर तोंडाला फडकी बांधून माणसं यायची. काठ्यांनी मेंढ्या मारायची, कड्यावरून लोटायची. काही ठिकाणी मेंढक्यालाही मारलं. मी ओट्याशी बसून हे वाचत होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. खिचडी करपली.

सगळा लेख तपासून झाला. फक्त आबांचा परिच्छेद तसाच होता. तो काढायला मला एक क्षण पुरला असता. पण बोट पुढे होईना. तो गेल्याशिवाय पट्टी निघणार नव्हती, आणि पट्टी निघाली नाही तर लेख जाणार होता. आणि परिच्छेद गेला तर पुढच्या बाजारी तो दुकानदार पान उघडणार, शोधणार, आणि सगळ्यांसमोर म्हणणार, की आबा, तुमचं तर यात काहीच नाही. सरांना मी हे सांगितलं. त्यांनी लिहिलं, "वडिलांचे म्हणणे खरे आहे, पण इथले आहे. शेतीच्या पुस्तकांत त्याचे संदर्भ मिळतील. आपल्याकडच्या मेंढपाळांच्या लेखात घाला, मी मदत करतो." बरोबर होतं. पण आबांची मान ताठ झाली होती ती अमेरिकेमुळे.

हे फोनवर सांगायचं नाही एवढं मी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी सकाळीच कन्नडची गाडी पकडली.

आबा अंगणात जुनी वाघर पुढ्यात घेऊन तिचे तुटलेले पीळ सांधत बसले होते. चार मेंढरांना एवढं जाळं कशाला लागतं, हे त्यांना कुणी विचारत नाही. मी पाणी प्यायले आणि टेकले.

"आबा, ते तुमचं सांगितलेलं पुसावं लागतंय."

हात थांबले. "का? चुकलं का काय माझं?"

"तुमचं नाय चुकलं. तिथं तसं नव्हतं. तिथं शेतकरी बोलवत नव्हता. बंदूक घेऊन यायचा."

"बंदूक?" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच बंदूक आणली आहे. "मेंढरं रानात बसली म्हून?"

"व्हय."

"फुकट खत पडायलंय आन् बंदूक घेऊन येतंय? लई अडाणी माणसं म्हनायची."

मला हसू आलं आणि रडूही. मग मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. रेघा, फडकी बांधलेली माणसं, कडे. कड्यावरून लोटलेल्या मेंढ्यांचं आलं तेव्हा आबांनी वाघर बाजूला सारली.

"हे खरं हाय?"

"छापलेलं हाय, आबा. तपासलंय मी."

"मंग माझं पूस. खोटं नगं ऱ्हायला. त्या मेलेल्या मेंढरांना काय वाटंल?"

त्यांच्या समोरच मी मोबाइल काढला, परिच्छेद निवडला आणि काढून टाकला. यावेळी सारांश विसरले नाही. 'संदर्भाशी विसंगत मजकूर काढला.' आबा वाकून बघत होते. वाचता येत नाही त्यांना, तरी बघत होते. मग मी सरांनी सांगितलेलं सांगितलं, की हे आपल्याकडच्या मेंढक्यांच्या पानावर घालता येईल.

"आपल्याकडं समद्यांना म्हाइतच हाय की ते. त्यात काय सांगायचं?" ते म्हणाले आणि पुन्हा वाघर ओढली. जरा वेळानं न बघताच त्यांनी विचारलं, "मंग पुढं काय झालं त्यांचं?"

"कुणाचं?"

"त्या मेंढक्यांचं. मेंढरं मारली, रेघा मारल्या. मंग ते गेले कुठं?"

मी लेख खालपर्यंत सरकवला. लेखात ते नव्हतंच. लेख भांडणांवर संपत होता. एवढे महिने राबून, इतके संदर्भ तपासून, ती माणसं पुढे गेली कुठं हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, सरांच्याही नाही. वाचलेलं मात्र आठवत होतं, ते मी सांगितलं. काटेरी तारा आल्या. मग सरकारनं चराईचे परवाने काढले, कुठं चारायचं आणि किती ते ठरवून दिलं. काहींनी रानं घेऊन कळप टिकवले, पण पुष्कळांचे कळप घटले. पोरं कळपामागं राहिली नाहीत. कुणी गावात दुकान टाकलं, कुणी खाणीत गेलं, कुणी रेल्वेत, कुणी कारखान्यात.

"म्हंजे शेंद्र्यालाच गेली म्हन की लेकरं," आबा म्हणाले.

माझ्या पर्सला कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. आबा त्याच्याकडे बघत होते असं नाही, ते गाठ आवळत होते. तरी मी ते पर्सच्या आत सरकवलं. वहिनीनं जेवायला हाक मारली तेव्हा उठले.

परतीच्या गाडीत जागा मिळाली ती मागच्या चाकावर. धक्के खात मी शेवटचा विभाग लिहायला घेतला. मेंढपाळांचे पुढे काय झाले. घरी येऊन पुस्तकं उघडली, पानं जुळवली, मागचं-पुढचं पान वाचलं. पुढचे काही सुट्टीचे दिवस त्यात गेले. प्रत्येक वाक्याला संदर्भ लावला, सरांना कुठंही बोट ठेवायला जागा सोडली नाही. लेखात आबा नव्हते, शेंद्रा नव्हतं, मी नव्हते. असायलाही नको होतं. पण जतन करण्याआधी सारांशाची ती रिकामी ओळ समोर आली. मी लिहिलं, 'शेवटचा विभाग वाढवला. प्रश्न आबांचा, उत्तर पुस्तकातलं.'

दोन दिवसांनी लाल पट्टी निघाली. सरांनी चर्चा पानावर लिहिलं होतं, "सर्व संदर्भ तपासले. लेख ठेवावा. हा विभाग पूर्वीच असायला हवा होता." आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, "ताई, तुमचा सारांश नियमात बसत नाही. पण तो कुणालाच बदलता येत नाही, त्यामुळे राहील."

बाजारच्या दिवशी दुपारी आबांचा फोन आला. मागून मोबाइलच्या दुकानातला कालवा ऐकू येत होता.

"पान लई मोठं झालंय म्हनतो हा. आपलं नाय ना आता त्यात?"

"पानावर नाय, आबा. त्याच्या इतिहासात हाय. त्यांना इतिहास उघडायला सांगा, वरून तिसरी-चौथी ओळ बघा म्हणावं." मी थांबले. दुकानदारानं ओळ शोधली, मोठ्यानं वाचली. आबांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

"ही बी पुसतीस का?" आबांनी विचारलं.

"नाय, आबा. ती कुणालाच पुसता येत नाय. मलाबी नाय."

"मंग लिव्ह तिथंच खाली," आबा म्हणाले, आणि आवाज चढवला, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जावा, "आबांचं अजून इचारायचं बाकी हाय म्हनावं."